पाच आठवडे फक्त दोघंच

‘एवढे पैसे घालून परदेश फिरून आलो आणि आता घरात धड बोलणं नाही. आमच्यात काही बिघडलंय काय हो मॅडम?’ निवृत्तीनंतर लांबचा प्रवास करून आलेली जोडपी हल्ली हा प्रश्न बरेचदा माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन येतात. निपाणीकडच्या एका जोडप्याची हकिकत त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका साखर कारखान्यात हिशेबनीस होते. काकू मराठी प्राथमिक शाळेत बाई, घराणं माळकरी. सिंगापूर, कंबोडिया, व्हिएतनाम, जपान असा पाच आठवड्यांचा प्रवास लेकीनं बुक करून दिला. परतल्यावर काका दिवसभर मळ्यात, काकू स्वयंपाकघरात. ‘वाढलंय’ आणि ‘येतो’, एवढंच बोलणं उरलेलं.

दोघांच्या तक्रारी गावांच्या नावानं निघाल्या. काकूंची पहिली, कंबोडियातल्या अंकोरवाटची. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं हे देऊळ विष्णूसाठी बांधलं. त्याच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळपास ४९ मीटर लांबीचा शिल्पपट आहे. ‘एवढ्या लांब आपला देव बघून मी उभारलोच बघा. वासुकी धरलेली देवांची रांग संपेना. आणि हे म्हणतात, चल चल, अंधार पडायच्या आत अजून तीन देवळं बघायची हाईत.’

दुसरी तक्रार त्यांना सांगता येईना. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेनमध्ये, तुओल स्लेंग नावाची जागा आहे. मूळची ती शाळा. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या लाखोंचा जीव घेणाऱ्या कम्युनिस्ट राजवटीनं तिचा तुरुंग केला. वर्गांत विटा रचून अरुंद कोठड्या केल्या, कैद्यांचे फोटो काढून ठेवले. ते फोटो आज तिथल्या भिंतींवर आहेत. उभा जन्म वर्गात काढलेल्या बाईनं ते पाहिलं. संध्याकाळी काकांनी नदीकाठी फोटोसाठी उभं राहायला सांगितलं आणि म्हणाले, ‘तोंड पाडून बसायला आलोय काय एवढ्या लांब?’ काकू त्या रात्री जेवल्या नाहीत. पुढचं मौन तिथून सुरू झालं, असं मला वाटतं.

काकांचंही दुखणं होतंच. सिंगापूर आणि जपान त्यांना मनापासून आवडले. १९६४ पासून धावणाऱ्या शिंकानसेनमध्ये, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनमध्ये, बसल्यावर ते लहान पोरासारखे घड्याळ लावून स्टेशनं मोजत होते. काकूंचे मात्र खाण्याचे हाल. जपानात भाजीच्या सारातसुद्धा बऱ्याचदा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे त्या फळं आणि कोऱ्या भातावर होत्या. त्यात रेल्वेच्या डब्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. ‘दवाखान्यात बसल्यागत वाटायलंय,’ त्या म्हणाल्या. काका मला म्हणाले, ‘जी शिस्त कारखान्यात यावी म्हणून मी धडपडलो, ती डोळ्यांनी बघायला मिळाली, आणि ही म्हणते दवाखाना.’

एका देशात एक फुलतो आणि दुसरा कोमेजतो, हे इतक्या वेगळ्या देशांतून जाताना होणारच. पण आपल्याला आवडलेलं नाकारलं म्हणजे आपल्यालाच नाकारलं, असं दोघांनी मनात धरलं होतं.

आपल्या भागातली जुनी सवयही इथं आड येते. सौंदत्ती, जोतिबा, पंढरपूर, कुठंही जायचं तर आपण भावकी आणि शेजारपाजार घेऊन जातो. बायका बायकांत, पुरुष पुरुषांत. काका-काकूंच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण सलग पाच आठवडे दोघंच, एकाच खोलीत, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. गावी पार होता, भजन होतं, रागावल्यावर निघून जायला मळा होता. तिथं यातलं काहीच नव्हतं. वर दर देशात नवं चलन, नवी वेळ. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, काकांची साखरेची गोळी आणि जेवण यांची गाठ पडेना. अशा वेळी माणूस चिडका होतो. त्यावरून संसाराचा निकाल लावू नये.

मी दोघांना प्रवासातले तीन-तीन फोटो निवडून आणायला सांगितले. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं फक्त विचारायचं, दुरुस्ती करायची नाही. काकांनी हनोईतला रस्ता आणला. स्कूटर थांबत नाहीत, आपण संथ चालत राहायचं आणि त्या वळसा घालून जातात, असा तिथला शिरस्ता. ‘त्या दिवशी माझे पाय लटपटत होते,’ ते म्हणाले. ‘हिला काही झालं तर हिच्या भावांना काय सांगू, हेच डोक्यात. भाषा येत नाही. पासपोर्टचा कसा पोटाला बांधूनच झोपत होतो.’ सगळी घाई त्या भीतीपोटी होती. ठरल्याप्रमाणे उरकलं की सुखरूप घरी. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मला सांगायचं की हो. मी धरलो असतो की हात.’

मग तुओल स्लेंगबद्दल काकांनी स्वतःहून विचारलं. काकू अर्धा तास बोलल्या. काकांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

प्रवासाआधीपासूनच अबोला असेल, एक दुसऱ्याला घाबरत असेल, हात उगारला जात असेल, परतून आठवडे उलटले तरी झोप-जेवण सुटलेलं असेल, तर दोष प्रवासाचा नाही. तिथं थांबू नका, मदत घ्या. बाकीच्यांनी लांबची तिकिटं काढताना आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवावा आणि रोज तास-दोन तास आपापले वेगळे. पैसे आणि फोन दोघांकडेही असावेत. म्हणजे एकाला ओवरीत उभं राहता येतं आणि दुसऱ्याला स्टेशनात.

काका-काकूंचं आता श्रीलंकेचं ठरतंय. काकू पंधरा दिवस म्हणतात, काका आठ. जपान चांगला की नाही यावर अजून एकमत नाही, पण वाद जेवताना, समोरासमोर बसून होतो.