पालकातलं कॅडमियम आणि मोडायला काढलेली एफडी

दौंड तालुक्यातल्या एका वाचकाची मुळा-मुठेकाठी दोन एकर जमीन आहे. पालक, मेथी, कोथिंबीर घेतात. पुण्याच्या खरेदीदाराने पालक तपासून घेतला, तर किलोमागे ०.३१ मिलिग्रॅम कॅडमियम (शरीराला घातक असा जड धातू) निघालं आणि माल घेणं बंद झालं. आता एक विक्रेता बायोचार (काडीकचऱ्यासारख्या जैविक मालाचा कोळसा) व चुन्याचं पॅकेज एकरी १ लाख ४० हजारांना देतोय, सूट दिवाळीपर्यंत. त्यासाठी ७ टक्क्यांची ३ लाखांची एफडी मोडावी का, असं ते विचारतात.

मोडू नका. या पॅकेजसाठी तर नाहीच.

आधी हिशेब बघा. तो खरेदीदार मंडईपेक्षा वर्षाला साधारण ८० हजार जास्त देत होता, असं तुम्ही लिहिलंय. खर्च २ लाख ८० हजार. म्हणजे औषध पहिल्याच दिवशी लागू पडलं, तरी पैसे वसूल व्हायला साडेतीन वर्षं. बुडालेलं व्याज धरलं की चार वर्षांच्या पुढे. मुदतीआधी मोडल्याचा दंड वेगळाच.

आणि औषध लागू पडेल का? चुन्याने कॅडमियम दबतं हे खरं, पण आम्लधर्मी जमिनीत. चुना सामू (पीएच) वाढवतो, सामू वाढला की कॅडमियम मातीला धरून बसतं. कोकणातल्या तांबड्या जमिनीला हे लागू आहे. तुमच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू ८.१ आहे, म्हणजे जमीन आधीच अल्कधर्मी! तिथे चुना टाकणं म्हणजे भरल्या विहिरीत पाणी ओतणं; उलट जस्त आणि लोहाची कमतरता वाढेल. विक्रेत्याने पत्रिका मागितलीच नाही, यावरून काय ते समजा.

त्याच पत्रिकेत जस्त ०.४ पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) आहे, म्हणजे पुरेसं मानल्या जाणाऱ्या ०.६ च्या पातळीखाली. तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचं हेच वाटलं. कॅडमियम आणि जस्त मुळांमधून बऱ्याच अंशी एकाच वाटेने आत जातात. जस्त कमी असलं की कॅडमियमला वाट मोकळी. झिंक सल्फेट एकरी १० किलो हा नेहमीचा डोस आहे, खर्च पॅकेजच्या पासंगालाही पुरणार नाही. डीएपी खतात मिसळून मात्र टाकू नका. आधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

बायोचारला मी नावं ठेवत नाही. ते आणि चांगलं कुजलेलं शेणखत धातू धरून ठेवतात. पण ते कशापासून बनवलंय आणि त्यातल्या धातूंचा अहवाल कुठे आहे, हे विचारा. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये तर किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम कायद्यानेच चालतं. शिवाय यातला कुठलाही भूसुधारक धातू जमिनीतून काढत नाही, फक्त बांधतो. धातू पाण्यातून येत असेल, तर नदीची मोटर चालू आहे तोवर भर पडतच राहणार. पाणी खारट असेल तर क्लोराइडमुळे कॅडमियम अधिक विरघळतं. म्हणून पहिला खर्च तपासणीचा: नदीचं पाणी, विहिरीचं पाणी, माती. मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांत कॅडमियम, शिसं नसतंच. त्यासाठी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागेल.

मग पाच-पाच गुंठ्यांचे तीन तुकडे पाडा: एक तसाच, एक झिंक सल्फेटचा, एक झिंक अधिक बायोचारचा. तिन्हींना पाणी एकच द्या. दोन कापण्यांचा पालक तपासा. कॅडमियमची कायदेशीर मर्यादा पालेभाजीला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे, म्हणजे तुम्हाला साधारण ३५ टक्के घट हवी. या सगळ्याला ४० हजारांची मर्यादा ठेवा, बचत खात्यातून. पालक ०.२ च्या खाली आला, तरच पुढच्या रकमेचं बोलू.

तोवर तोच पालक मंडईत विकायचा, असं तुमच्या पत्रात ओझरतं आलंय. ते करू नका. मर्यादा मंडईतल्या गिऱ्हाइकालाही तीच आहे. नदीच्या पाण्यावर यंदा झेंडू किंवा शेवंती घ्या. विहीर मार्चपर्यंत टिकते म्हणता, तर पालेभाजी तेवढ्या पाण्यावर, तीही जमिनीचा अहवाल बघून. उत्पन्न थोडं घटेल, पण एफडी शाबूत राहील.

ती फेब्रुवारीत संपतेय. बँकेत जाऊन आपोआप नूतनीकरणाची सूचना तेवढी रद्द करून घ्या. तोपर्यंत दोन्ही कापण्यांचे अहवाल हातात आलेले असतील. आणि विक्रेत्याला दिवाळीआधी टोकन देऊ नका.