तळ्यापलीकडचे सांगाडे: अर्धवट राहिलेल्या हॉटेलांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: २००७ साली ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमधल्या 'पॉप सेंच्युरी' हॉटेलात राहिलो होतो. तळ्याच्या पलीकडे रिकाम्या इमारती उभ्या होत्या. पूल दिसायचा, पण पलीकडे जाता येत नव्हतं. कुणी म्हणे कंपनीचे पैसे संपले, कुणी म्हणे जमीन खचली. खरं काय होतं? – एक वाचक, ठाणे

उत्तर: जमीन खचली नव्हती. मूळ आराखड्यात हे एकच हॉटेल होतं आणि ते दोन भागांत विभागलेलं होतं. अलीकडे १९५० ते १९९० ही दशकं, म्हणजे 'क्लासिक इयर्स'. पलीकडे १९०० ते १९४० ही दशकं, म्हणजे 'लेजंडरी इयर्स'. मधल्या तळ्याचं नाव अवरग्लास लेक, वाळूच्या घड्याळावरून. पुलाचं नाव जनरेशन गॅप ब्रिज. शतकाचा पूर्वार्ध एका काठावर आणि उत्तरार्ध दुसऱ्या काठावर, अशी ती कल्पना होती. दोन्हीकडे २,८८० खोल्या, मिळून ५,७६०.

काम चालू असतानाच ११ सप्टेंबर २००१चे हल्ले झाले आणि विमानाने येणारे पर्यटक एकदम घटले. तयार होत आलेला अलीकडचा भागही लांबणीवर पडला आणि १४ डिसेंबर २००३ला उघडला. पलीकडे मुख्य इमारत आणि राहण्याच्या काही इमारतींचे सांगाडे उभे झाले होते, ते तसेच राहिले. मे २०१०मध्ये कंपनीने तिथे 'आर्ट ऑफ ॲनिमेशन' हे वेगळंच हॉटेल जाहीर केलं आणि त्याचा पहिला भाग ३१ मे २०१२ला सुरू झाला. तुम्ही पाहिलंत तेव्हा ते सांगाडे त्यांच्या प्रतीक्षेच्या ऐन मध्यावर होते.

पैसे संपल्याची अफवा आम्हाला कधीच पटली नाही. त्याच कंपनीची बाकीची बांधकामं त्या वर्षांत चालूच होती. अडचण होती ती मागणीची. अलीकडच्याच २,८८० खोल्या भरण्याची चिंता असताना आणखी तेवढ्याच, त्याही तशाच खोल्या बाजारात आणल्या असत्या तर दोन्ही काठांचे दर पडले असते.

प्रश्न: मग तेच अर्धवट काम पुरं न करता नवं हॉटेल का काढलं? खोल्या तर कमीच झाल्या. – एक वाचक, नाशिक

उत्तर: खोल्या कमी झाल्या हे खरं, पण माणसं फारशी कमी झाली नाहीत. जरा हिशेब मांडून बघा.

नव्या हॉटेलात १,९८४ दारं आहेत. त्यांत १,१२० फॅमिली सुइट आणि ८६४ साध्या खोल्या. सुइटमध्ये सहा जण झोपू शकतात, साध्या खोलीत चार. म्हणजे १,१२० गुणिले ६ झाले ६,७२० आणि ८६४ गुणिले ४ झाले ३,४५६. एकूण १०,१७६ माणसं. पलीकडच्या काठाच्या जुन्या आराखड्यात २,८८० गुणिले ४, म्हणजे ११,५२० माणसं बसत होती. दारं सुमारे ३१ टक्क्यांनी घटली, माणसं जेमतेम १२ टक्क्यांनी. उपाहारगृह, बस थांबा, पोहण्याचे तलाव, सगळं माणसांच्या आकड्यावर ठरतं, दारांच्या नव्हे. त्यामुळे आधीच उभी असलेली मुख्य इमारत वाया गेली नाही, तीच नव्या हॉटेलची स्वागत इमारत झाली.

आता न्हाणीघरं मोजा. प्रत्येक सुइटला दोन आहेत. २,२४० आणि ८६४ मिळून ३,१०४. जुन्या आराखड्यापेक्षा २२४ जास्त! 'दोन खोल्यांमधली भिंत पाडली की झाला सुइट' असं लोक सहज म्हणतात, पण फक्त मूळ २,८८० खोल्या जोडून हा आकडा येणारच नाही. सुइटच्या इमारती वेगळ्या आखलेल्या आहेत आणि त्यांचे व्हरांडे आतून, बंद आहेत. 'लिटल मर्मेड' भागातल्या साध्या खोल्यांची दारं मात्र पॉप सेंच्युरीसारखी थेट बाहेर उघडतात. त्या ८६४ खोल्यांना २८८ने भागा, नेमके तीन येतात. आणि पॉप सेंच्युरीतल्या एका इमारतीतही २८८च खोल्या आहेत. जुना साचा कुठे चालू राहिला, ते एवढ्यावरून कळतं.

सुइटच का, याचं उत्तर सोपं आहे. स्वस्त गटातल्या हॉटेलांत चौघांची खोली मिळायची. पाच-सहा जणांच्या कुटुंबाला दोन खोल्या घ्याव्या लागायच्या, नाहीतर महागड्या हॉटेलात जावं लागायचं. ऑल-स्टार म्युझिक या हॉटेलात त्याआधीच दोन-दोन खोल्या जोडून सुइट केले होते. थांबण्याच्या वर्षांत कंपनीला नक्की काय बांधायचं ते कळलं. आमच्या मते नऊ वर्षांच्या खंडाने हे हॉटेल सुधारलंच.

प्रश्न: नऊ-दहा वर्षं उघड्यावर राहिलेला काँक्रीटचा सांगाडा पुन्हा वापरता येतो का? आमच्या गावाबाहेर अशीच एक रिसॉर्टची इमारत पाच पावसाळे उभी आहे. – एक वाचक, चिपळूण

उत्तर: बहुतेक वेळा येतो, पण तपासल्याशिवाय नाही. तपासाचा क्रमही महत्त्वाचा आहे.

सुरुवात वर, गच्चीवर करा. पुढच्या मजल्यासाठी कॉलममधून सोडलेल्या उघड्या सळ्या ही सर्वांत कच्ची जागा. काम थांबवताना या सळ्यांना सिमेंटची स्लरी चोपडून वर हलक्या काँक्रीटचं आवरण घातलं असेल, तर मालकाला परत यायचं होतं असं समजा. तसं नसेल तर तारेच्या ब्रशने गंज काढा आणि कॅलिपरने जाडी मोजा. १६ मिलिमीटरची सळई १५ भरली तर वरवर एकच मिलिमीटर गेला असं वाटतं. प्रत्यक्षात छेदाचं क्षेत्रफळ १२ टक्के घटलेलं असतं. इतकी झीज असेल तर संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय त्या सळईवर पुढचा मजला चढवू नका.

अशा ठिकाणी भोक पाडून नवी सळई केमिकलने, म्हणजे चिकटवणाऱ्या रसायनाने बसवतात. १६ मिलिमीटरच्या सळईला साधारण २० मिलिमीटरचं भोक लागतं. खोली अभियंता ठरवतो. ही जोडणी फसते ती जवळपास नेहमी एकाच कारणाने: भोकातली धूळ. भोक हवेने फुंकायचं, ब्रशने घासायचं, पुन्हा फुंकायचं. हे न करता केमिकल भरलं तर ते काँक्रीटला चिकटतच नाही, धुळीला चिकटतं, आणि सळई हाताने हलवली तरी सुटते.

मग खाली या. काँक्रीट ताजं असताना इतकं अल्कधर्मी असतं की आतल्या सळईवर गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि ते संरक्षण जातं. बीमच्या कोपऱ्याचा छोटा तुकडा फोडून ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं रसायन) फवारा. गुलाबी झालं तो भाग शाबूत. रंग न आलेला भाग कार्बनने खाल्लेला. रंग नसलेल्या थराची जाडी मोजा आणि कव्हर मीटरने सळई किती आत आहे ते बघा. थर १२ मिलिमीटर आणि सळई ३० मिलिमीटर आत असेल तर अजून वेळ आहे. थर सळईपर्यंत पोचला असेल तर हाफ-सेल चाचणी करा, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घ्या. कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली वाचन आलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

ताकदीसाठी रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारं साधन) स्वस्त आहे, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. जुन्या काँक्रीटची वरची कातडी कडक झालेली असते आणि हॅमर फुगवून आकडा देतो. कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढाच. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस ४५६) कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको.

सांगाड्यापेक्षा जास्त त्रास देतात त्यात पुरलेले पाइप. स्लॅबमधल्या वायरच्या नळ्यांत पावसाचं पाणी आणि गाळ बसतो. प्रत्येक नळीतून ओढतार फिरवून बघा. अडली तर ती सोडून भिंतीवरून नवी वाट काढणं स्वस्त पडतं. सांडपाण्याच्या उभ्या पाइपांत कॅमेरा सोडा, कारण उघड्या तोंडांत कावळ्यांची घरटी आणि मिक्सरमधून सांडलेलं सिमेंट दोन्ही सापडतं. जिप्समचे बोर्ड लागले असतील तर ते वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. बंद, वातानुकूलन नसलेल्या इमारतीत त्यांच्यावर काळी बुरशी धरते आणि ती रंगाखाली दडवली तरी वर्षभरात परत येते.

शेवटी कागद. मधल्या काळात नियम बदलतात. फ्लोरिडातच पाहा: राज्यभराची एकच इमारत संहिता मार्च २००२मध्ये लागू झाली, २००४च्या ऑगस्ट-सप्टेंबरात चार्ली, फ्रान्सिस आणि जीन ही तीन वादळं मध्य फ्लोरिडावरून गेली, २०१०मध्ये अपंगांसाठीच्या सोयींचे नवे निकष आले. २००१चा आराखडा २०१०मध्ये जसाच्या तसा चालत नाही. तुमच्या चिपळूणजवळच्या इमारतीला आजची अग्निशमन व्यवस्था, जिन्याची रुंदी आणि पूररेषा या तिन्हींची नव्याने पडताळणी लागेल.

प्रश्न: काम बंद पडलंय की नुसतं थांबलंय, हे बाहेरून कसं ओळखायचं? इंटरनेटवर नुसते तर्क असतात. – एक वाचक, सांगली

उत्तर: क्रेन हलली की नाही यावरून ठरवू नका. क्रेन भाड्याची असते, ती जाणारच.

फ्लोरिडात दोन कागद कुणालाही पाहता येतात. पहिला म्हणजे काम सुरू केल्याची नोंद. ती काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, दफ्तरात होते, तीत मालक, ठेकेदार आणि जागा लिहिलेली असते, आणि वेगळी मुदत नसेल तर ती वर्षभर चालते. तिचं नूतनीकरण झालं असेल तर काम जिवंत आहे. दुसरा म्हणजे पाणी व्यवस्थापन जिल्ह्याचा परवाना, पावसाच्या पाण्याच्या तळ्यांसाठी. त्याच्या नकाशात इमारतींच्या बाह्यरेषा असतात, त्यामुळे जाहीर घोषणेच्या आधी आराखडा इथेच दिसतो. मात्र परवाना म्हणजे फक्त परवानगी. तो असूनही हॉटेल होत नाही, असं बरेचदा होतं.

डिस्ने वर्ल्डमध्येच बे लेकच्या काठावर, १९७६ ते २००१ चाललेल्या 'रिव्हर कंट्री' जलक्रीडा उद्यानाच्या जागी, ९००हून अधिक खोल्यांचं 'रिफ्लेक्शन्स' हॉटेल २०१८मध्ये जाहीर झालं होतं. २०२०मध्ये ते थांबलं. लोकांनी ते मेलं असं धरलं. पण पुढे तीच जागा 'लेकशोर लॉज' या नावाने २०२७साठी जाहीर झाली. उलट कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला ७०० खोल्यांच्या चौथ्या हॉटेलसाठी जून २०१८मध्ये चालू दुकानं आणि सिनेमागृह बंद केलं गेलं, आता माघार नाही असं सगळ्यांना वाटलं. पण हॉटेलची जागा बदलल्यावर करसवलतीचा करार नव्या जागेला लागू नाही असं शहराने सांगितलं, आणि त्याच ऑक्टोबरात प्रकल्प रद्द झाला. पाया खोदला गेलाच नव्हता. दुकानं बंद झाली म्हणजे हॉटेल होणारच, असं नाही; करसवलतीच्या करारात कोणता भूखंड लिहिलाय ते वाचायला हवं होतं.

महाराष्ट्रात बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ४८नुसार ते एक वर्ष चालतं आणि दरवर्षी वाढवून घेता येतं, पण वाढ एकूण तीन वर्षांपलीकडे नाही. जागेवर मात्र तीन गोष्टी डोळ्यांनी दिसतात: उघड्या सळ्यांना आवरण, खिडक्यांच्या भोकांना प्लास्टिक किंवा पत्रा, आणि चालू वीजमीटर. तिन्ही असतील तर मालक परतणार आहे.

प्रश्न: खोपोलीचं इमॅजिकाजवळचं हॉटेलही असंच अर्धवट सुरू झालं होतं ना? – एक वाचक, पनवेल

उत्तर: अर्धवट नव्हे, टप्प्याने. २८७ खोल्यांच्या आराखड्यातल्या ११६ खोल्या २०१५मध्ये आधी उघडल्या. त्यासाठी अंशतः भोगवटा प्रमाणपत्राची सोय असते.

टप्प्याने उघडणाऱ्या कोणत्याही हॉटेलात खरी परीक्षा सांडपाणी प्रक्रिया केंद्राची होते. खोलीत दोघे आणि खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरलं, तर २८७ खोल्यांना सुमारे १ लाख ३ हजार लिटर लागतं आणि ११६ खोल्यांना सुमारे ४२ हजार. पूर्ण क्षमतेचं केंद्र चाळीस टक्के भारावर चालवलं की टाकीतल्या जिवाणूंना खाद्य पुरत नाही, गाळ हलका होऊन पाण्याबरोबर वाहून जातो आणि वास सुटतो. म्हणून सुरुवातीलाच दोन सारख्या टाक्या बांधून एकच चालवावी. नंतर दुसरी जोडायला दोन दिवस पुरतात. बांधायला सहा महिने लागतात, आणि तेही पाहुणे राहात असताना.

प्रश्न: आम्ही सहा जण, दोघे सत्तरीचे, ऑर्लँडोला चाललोय. त्या नव्या भागात राहावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर: डिस्नेच्या 'आर्ट ऑफ ॲनिमेशन'मध्ये जरूर राहा, पण सुइट घ्या. साध्या खोल्यांचा 'लिटल मर्मेड' भाग मुख्य इमारतीपासून सर्वांत लांब आहे, ज्येष्ठांना ती चाल जड जाईल. सुइटमध्ये एक क्वीन पलंग, एक सोफा-कम-बेड आणि भिंतीतून खाली ओढायचा पलंग, ज्याच्या जागी दिवसा जेवणाचं टेबल असतं. बंद खोलीतला पलंग ज्येष्ठांना द्या. टेबलाचा पलंग रोज रात्री उघडावा लागतो, तो मुलांना. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज आणि सिंक आहे, शेगडी नाही. त्यामुळे वरण-भाताऐवजी मायक्रोवेव्हमध्ये होणारं काय ते इथूनच ठरवून न्या.

त्या जुन्या पुलापाशी आता रोपवेचं स्थानक आहे, दोन्ही हॉटेलांना मिळून, सप्टेंबर २०१९पासून. एपकॉट आणि हॉलिवुड स्टुडिओज या उद्यानांना त्यातून जा. कॅरिबियन बीच या स्थानकावर गाडी बदलावी लागते. विजा कडाडल्या की रोपवे थांबवतात आणि उन्हाळ्यात दुपारी हे नेहमीचंच आहे, म्हणून परतीच्या बसचा थांबा आधी बघून ठेवा. मॅजिक किंगडम उद्यानाला बसनेच जावं लागतं.