अणुबॉम्ब टाकून युद्ध संपवणं नैतिकदृष्ट्या योग्य ठरतं का?

माझ्या मते नाही. हिरोशिमाबद्दल निदान वाद घालता येतो, नागासाकीचं समर्थन मात्र मला कुठल्याच बाजूने करता येत नाही.

बॉम्बचं समर्थन करणारे म्हणतात, ते टाकले नसते तर जपानच्या भूमीवर उतरताना लाखो सैनिक मेले असते. ही भीती खोटी नव्हती. ओकिनावाच्या लढाईत १२ हजारांवर अमेरिकन मेले, आणि जपानी सैनिक व बेटावरचे सामान्य लोक मिळून त्याच्या कितीतरी पट. चीनमध्ये, इंडोनेशियात जपानी अमलाखाली माणसं रोज मरत होती. ब्रह्मदेशात लढलेल्या हिंदी फौजेला, जिच्यात मराठा पलटणीही होत्या, सप्टेंबरमध्ये जपानच्या ताब्यातल्या मलायात उतरायचं होतं. बॉम्बमुळे आपला माणूस जिवंत घरी आला असं ज्यांना वाटलं, त्यांना मी दोष देणार नाही.

पण बॉम्ब नाहीतर स्वारी, असे दोनच रस्ते होते हे मला मान्य नाही. जपानच्या क्युशू बेटावर उतरायची तारीख १ नोव्हेंबर १९४५ ठरली होती, म्हणजे ६ ऑगस्टला हिरोशिमावर बॉम्ब पडला त्यानंतर जवळजवळ तीन महिने हातात होते. रशिया जपानविरुद्ध उतरणार हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना माहीत होतं. सम्राटाचं घराणं राहू शकेल असं सांगितलं तर जपान शरण येण्याची शक्यता बरीच वाढेल, हे खुद्द अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनी जुलैच्या सुरुवातीला त्यांना लिहून दिलं होतं. जपानला शरण यायला सांगणाऱ्या २६ जुलैच्या पॉट्सडॅम जाहीरनाम्यात ते आश्वासन आलंच नाही. पुढे सम्राट गादीवर राहिला तो राहिलाच! मग आधी एकदा सांगून बघायला काय हरकत होती?

हिरोशिमात लष्कराचं मोठं मुख्यालय होतं हे खरं. पण नेम धरला होता तो शहराच्या मध्यावरच्या आयोई पुलावर. वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. त्यात शाळकरी मुलं होती, आणि कोरियातून जबरदस्तीने आणलेले मजूरही होते. कुणी म्हणेल, मार्चमध्ये टोकियोवर आगीचे बॉम्ब टाकून एका रात्रीत लाखभर माणसं मारली, तेव्हा कोण बोललं? बोलायला हवं होतं. वस्त्या जाळणं एकदा अंगवळणी पडलं, म्हणूनच ऑगस्टमध्ये हात अडखळला नाही.

आता नागासाकी. या बॉम्बसाठी वेगळा निर्णय कुणी घेतलाच नाही. २५ जुलैच्या लेखी आदेशातच म्हटलं होतं की पहिल्यानंतरचे बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत. दुसरा ११ ऑगस्टला टाकायचा होता. हवामान बिघडणार म्हणून तो दोन दिवस अलीकडे आणला. हिरोशिमात नेमकं काय झालं ते पाहायला गेलेले निशिनांसारखे जपानी शास्त्रज्ञ तिथे पोचले ८ तारखेला. त्याच मध्यरात्रीनंतर रशियाने मांचुरियावर हल्ला केला. ९ तारखेला सकाळी टोकियोत युद्धमंडळाचे सहा जण शरणागतीच्या अटींवर बोलायला बसले होते, तेव्हा दुसरा बॉम्ब पडायचा होता. विमान निघालं होतं कोकुरा शहराकडे. तिथे खालचं दिसेना म्हणून ते नागासाकीवर वळलं, आणि ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब उराकामीच्या दरीत फुटला. बातमी बैठक चालू असतानाच आली. तरीही मंडळ तिघे विरुद्ध तिघे असंच अडून राहिलं, आणि कौल शेवटी रात्री सम्राटाने दिला. ज्या बॉम्बमुळे त्या सहा जणांतल्या एकाचंही मत फिरलं नाही, त्याने युद्ध थांबवलं असं कसं म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, ट्रुमन यांनी हुकूम काढला की आपल्या परवानगीशिवाय पुढचा बॉम्ब टाकायचा नाही. इतक्या साऱ्या लहान मुलांना मारणं त्यांना नकोसं झालं होतं, अशी नोंद त्यांचे मंत्री हेन्री वॉलेस यांच्या डायरीत आहे. तिसरा बॉम्ब आठवड्याभरात तयार होणार होता, आणि तो एका हुकमाने थांबला. तसाच हुकूम त्यांना ७ ऑगस्टलाही काढता आला असता. त्याने अमेरिकेचा एकही सैनिक धोक्यात आला नसता.