टीव्हीवरचा मेजर आणि खरा मेजर

प्रश्न : काका नमस्कार. मुलगा अकरावीला आहे, एनडीएची तयारी चाललीय. क्लासवरून आला की रात्री मोबाईलवर युद्धाच्या सिरीज लावून बसतो. त्यातला मेजर सगळ्यांवर ओरडतो, वरिष्ठांचं ऐकत नाही, एकटाच पुढे घुसतो आणि पोरगा म्हणतो लीडर असाच पाहिजे. फौजेत खरंच असं असतं का? बघू देऊ की बंद करू?
– एक आई, धायरी

उत्तर : ताई, बंद करू नका, मी पण बघतो. 26 वर्षं सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीतला जवान होतो, खडकीला भरती झालो आणि सुभेदार म्हणून घरी आलो, तरी अशी सिरीज लागली की जागचा हलत नाही. हत्यारं, धूर, गोळीबार आजकाल बरंच नीट दाखवतात. डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट ठोकतात, केस मानेपर्यंत वाढलेले असतात, ते जाऊ दे. खरं चुकतं ते साहेब दाखवताना.

एका कंपनीत शंभर-सव्वाशे माणूस असतो आणि त्याचं जेवण, सुट्टी, आजारपण, घरचं भांडण सगळं त्या मेजरच्या डोक्यावर. आम्ही उंचावरच्या पोस्टवर होतो तेव्हा आमचे कंपनी कमांडर संध्याकाळी बंकरमध्ये यायचे, स्टोव्हपाशी बसायचे आणि एकेकाला मोजे काढायला लावायचे, टॉर्च मारून बोटं दाबून बघायचे पांढरी पडलीयत का, आणि कुणाचे मोजे ओले निघाले तर त्याला नाही, त्याच्या बडीला, म्हणजे जोडीदार जवानाला विचारायचे की तू काय बघत होतास. आवाज कधी चढला नाही. पण त्या माणसाने रात्री दोनला उठा म्हटलं असतं तर आम्ही का म्हणून विचारलं नसतं.

दुसरं म्हणजे सुभेदार. सिरीजमध्ये तो नुसता मागे उभा असतो नाहीतर तिसऱ्या एपिसोडला शहीद होतो. खरं तर 22-23 वर्षांचा नवा लेफ्टनंट येतो तेव्हा प्लाटून, म्हणजे कंपनीतली छोटी तुकडी, कशी चालते हे त्याला जवळजवळ दुप्पट वयाचा सुभेदार शिकवतो. तो याला साहेब म्हणतो, हाही त्याला साहेबच म्हणतो.

चांगलं काम झालंच नाही असं नाही हां. 1989 ला दूरदर्शनवर ‘फौजी’ लागायची, ती एका निवृत्त कर्नलनेच केली होती आणि त्यात ट्रेनिंगचा घाम दिसायचा. इंग्रजी चालत असेल तर 2001 ची ‘बँड ऑफ ब्रदर्स’ मुलाबरोबर बसून बघा. त्यातल्या नटांना आधी एका निवृत्त मरीन कॅप्टनने रगडून घेतलं होतं. त्यात एक अख्खा एपिसोड मेडिकवर, म्हणजे जखमींना बघणाऱ्या जवानावर आहे, बेल्जियमच्या बर्फात तो पोरगा खंदकाखंदकात जाऊन कात्री आणि मॉर्फिन मागत फिरतो. माझ्या मते सगळ्यात खरा एपिसोड तोच.

आणि त्याला रामा राघोबा राणे यांच्याबद्दल सांगा. आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे, कारवारकडचे, 1994 ला पुण्यातच वारले. एप्रिल 1948, नौशेरा ते राजौरीचा रस्ता, शत्रूने सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकलेली. पहिल्याच दिवशी मांडीला लागलं तरी मागे गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्याबरोबर सुरुंगांमधून सरपटत गेले, हातात दोऱ्या, दोरी ओढून वरच्या ड्रायव्हरला खुणा करायच्या, कधी चल, कधी थांब. चार दिवस रस्ता मोकळा करत राहिले. परमवीर चक्र मिळालं. तिथे ओरडून काय होणार होतं ताई, इंजिनाच्या आवाजात ऐकू कुणाला येणार, दोन्ही बाजूंनी विश्वास लागतो.

एसएसबीचं, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या अधिकारी निवड चाचणीचं पण सांगतो, कारण मुलगा त्याच रस्त्याने जाणार. पाच दिवस असतात, त्यात ग्राउंडवर ग्रुपला फळी, दोरी, बल्ली देतात आणि अडथळा पार करा म्हणतात. जो सगळ्यांच्या वरताण ओरडतो तोच लीडर, असं तिथे कुणी धरत नाही.

तेव्हा सिरीज बघू द्या. फक्त रविवारी मित्रांबरोबर सिंहगडला जाईल तेव्हा सगळ्यात मागे राहणाऱ्या पोराबरोबर चालायला सांगा आणि घरी आला की विचारा, आज कुणाच्या पायाला फोड आले होते?