साइजोला जाताय? आधी विहिरीचं पाणी प्या

प्रश्न : ऑक्टोबरात आम्ही तिघं जपानला जातोय, मी, माझे यजमान आणि सासूबाई. मुक्काम हिरोशिमात. जवळच्या साइजो गावात साकेचे (तांदळाच्या जपानी दारूचे) सात जुने कारखाने एकमेकांना लागून आहेत असं यजमानांनी वाचलंय, आणि एका दिवसात सातही करायचे असा त्यांचा बेत आहे. मी घोट-दोन घोट घेते. सासूबाई पूर्ण शाकाहारी, दारूला हातही लावत नाहीत. तिघांचा दिवस चांगला जाईल असं काही सांगा. गाडी भाड्याने घ्यावी का, तेही कळवा.

उत्तर : गाडीचं आधी सांगते : घेऊ नका. जपानमध्ये पिऊन चालवणाऱ्यालाच नव्हे, तर हे माहीत असून त्याच्या गाडीत बसणाऱ्यालाही शिक्षा होते. नोव्हेंबर २०२४ पासून सायकलवाल्यांसाठीही कायदा कडक झालाय : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. हिरोशिमाहून सान्यो मार्गाची साधी लोकल पकडा, पाऊण तासाच्या आत साइजो येतं. मात्र शिंकान्सेनच्या ‘हिगाशी-हिरोशिमा’ स्टेशनावर उतरू नका. नावामुळे तेच जवळचं वाटतं, पण तिथून साकेचे कारखाने काही किलोमीटर लांब आहेत. साइजो स्टेशनातून बाहेर पडलात की चालत काही मिनिटांवर लाल विटांची धुराडी दिसू लागतात.

आता सात कुरांचं. (साकेच्या कारखान्याला तिकडे कुरा म्हणतात.) यजमानांना सांगा, तीन करा, फार तर चार. साके साधारण १५-१६ टक्के अल्कोहोलची, म्हणजे बहुतेक वाइनपेक्षा कडक. पेला लहान असतो म्हणून अंदाज चुकतो. पाचव्या कुरापर्यंत जीभ थकते आणि मग सगळ्या चवी सारख्याच लागतात. इतक्या लांब जाऊन तसं होऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि पहिला घोट साकेचा नको, पाण्याचा घ्या. काही कुरांच्या आवारात विहिरीच्या पाण्याचा नळ बाहेरच ठेवलेला असतो. साके ज्या पाण्यात बनते तेच हे पाणी. गावातले लोक कॅन घेऊन येतात आणि भरून नेतात. तुम्हीही रिकामी बाटली घेऊन जा. सासूबाईंनाही द्या. त्या गावाची मूळ चव आहे ती, आणि तिला दारूचा स्पर्शही नाही.

पाण्याचा एवढा आग्रह का, ते सांगते. कोबेजवळचा नादा हा साकेचा जुना बालेकिल्ला, आणि तिथलं पाणी जड. त्यातल्या खनिजांवर यीस्ट जोमाने वाढतं. हिरोशिमाच्या बाजूचं पाणी मऊ, त्यात आंबण्याची क्रिया रेंगाळते आणि साके बिघडायची. साइजोच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आकित्सु आहे. तिथल्या मिउरा सेन्झाबुरो यांनी वर्षानुवर्षं खटपट केली. कोजी ही बुरशी वाफवलेल्या भातावर चढवतात आणि ती भातातल्या पिष्टाची साखर करते. मिउरांनी ती दाण्याच्या आत खोलवर रुजू दिली, आणि मग कमी तापमानात, घाई न करता आंबवलं. मऊ पाण्यातून सुवासिक, नाजूक साके उतरली. १८९८ मध्ये त्यांनी ही सगळी रीत छापून आसपासच्या साकेवाल्यांना खुली केली. आपल्या धंद्याचं गुपित त्यांनी शेजाऱ्यांना वाटलं, हे मला त्यांच्या शोधाहूनही मोठं वाटतं. आजच्या गिंजो, म्हणजे सुवासिक, उंची साकेची मुळं याच रीतीत शोधली जातात.

दुसरा धागा तांदळाचा. यंत्रशक्तीवर तांदूळ सडण्याचं (दाणा वरून घासून काढण्याचं) जपानमधलं पहिलं यंत्र १८९६ मध्ये साइजोतच साताके रिइची यांनी केलं. गिंजो म्हणवायचं तर सडल्यावर दाणा ६० टक्के किंवा त्याहून कमी उरला पाहिजे, दाइगिंजोसाठी ५० टक्के किंवा कमी. अर्धा दाणा भुशात जातो! बाटलीवर हा आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय यजमानांना लावा.

एवढं ठाऊक झालं की शेजारशेजारच्या कुरांमधला फरक कळायला लागतो. सुरुवात कामोत्सुरुपासून करा, थंड दाइगिंजोने. सोन्याच्या वर्खाची फुलं तरंगणारी त्यांची बाटली २०१४ मध्ये ओबामांच्या तोक्योतल्या जेवणात होती, फोटोसाठी छानच. मग हाकुबोतान. हे घराणं १६७५ पासूनचं, त्यांची साके गोडसर. तिच्या पाठोपाठ किरेई घ्या, ती कोरडी, कडक. हे दोन घोट लागोपाठ घेतलेत तर दोघींचा स्वभाव एकदम उघड होतो. शेवट कामोइझुमीने. निव्वळ तांदूळ, पाणी आणि कोजीची जुनमाइ साके ही त्यांची ओळख. कोळशातून गाळत नसल्याने तिला फिकट सोनेरी रंग असतो. चाखायच्या पांढऱ्या पेल्याच्या तळाशी निळी वर्तुळं असतात, ती रंग आणि नितळपणा जोखायलाच. ही साके ४०-४५ अंशांना कोमट करून मागा. तुम्ही दोनच घोट घेणार असाल तर दोन्ही इथे घ्या. कोमट झाल्यावर तिच्यातला भात जिभेवर येतो. त्यांचं शुसेन्कान हे बसून चाखायचं जुनं लाकडी घर मुख्यतः शनिवार-रविवारी उघडं असतं, तेव्हा वार बघून जा. दोन पेल्यांच्या मध्ये पाणी प्यायला विसरू नका. तिथेही तशीच पद्धत आहे, कुणी वेगळं समजत नाही.

जेवायला तुम्ही दोघं बिशुनाबे घ्या. कोंबडी, डुकराचं मांस, कोबी आणि इतर भाज्या, वर भरपूर साके, आणि मसाला म्हणून फक्त मीठ-मिरपूड. हे कुरातल्या कामगारांचं जेवण. दिवसभर साके चाखणाऱ्याची जीभ बधिर होऊ नये म्हणून इतकं साधं. उकळताना अल्कोहोल बराचसा उडून जातो.

सासूबाईंची मात्र काळजी घ्यावी लागेल. फक्त भाजीच दिसणाऱ्या पदार्थातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. त्याला दाशी म्हणतात. सूप, उकडलेल्या भाज्या, भाज्यांच्या तळणीसोबतची चटणी, सगळ्यांत तो येतो. ‘मांस नको’ एवढं पुरत नाही, ‘मासे आणि दाशीही नको’ असं जपानीत लिहून घ्या आणि चिठ्ठी दाखवा. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, मीठ लावलेल्या एदामामे, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा आणि सोबत आणलेला थोडा खाऊ, यावर दिवस निघतो. गोड म्हणून आमाझाके हे तांदळाचं पेय द्या, पण विचारून : कोजीपासून केलेल्या आमाझाकेत अल्कोहोल नसतो, साके पिळून उरलेल्या चोथ्याची असेल तर थोडा असतो. नुसतं ‘आमाझाके’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

ऑक्टोबरात एका शनिवार-रविवारी तिथे साकेचा मोठा उत्सव असतो. देशभरच्या साके एका मैदानात मिळतात आणि गर्दी अफाट. यजमान एकटे असते तर जा म्हटलं असतं. सासूबाई बरोबर असताना ते दोन दिवस टाळा, त्याआधीच्या किंवा नंतरच्या शनिवारी जा. सकाळी दहाच्या सुमारास पोहोचा, चारनंतर दुकानं आवरायला लागतात. बाटली घेणार असाल तर न तापवलेली ‘नामा’ साके घेऊ नका, तिला सतत फ्रिज लागतो.

प्रश्न : आम्ही फेब्रुवारीत साइजोला आहोत. साके बनताना आत जाऊन बघता येईल का?

उत्तर : काम त्याच दिवसांत ऐन भरात असतं, म्हणूनच बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत. आधी लेखी विचारून परवानगी मिळाली तर त्या दिवशी सकाळी नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खाऊ नका. त्यातले जीवाणू कोजीला बाधतात, आणि कुरावाले हे फार गांभीर्याने घेतात. आत जाता आलं नाही तरी छपराखाली टांगलेले सुगी या जपानी देवदाराच्या पानांचे गोळे बघा. हिरवा असेल तर नवी साके आलेली आहे. आणि मांसाहारी असाल तर त्या दिवसांत आकित्सुची कालवं मागा, सोबत किरेईची कोरडी साके.