बाहेरगावची टोइंग गाडी, शहराचा परवाना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : वकीलसाहेब, माझ्या दोन फ्लॅटबेड गाड्या देवासला आहेत. बिघडलेल्या गाड्या उचलायला इंदूरहून रोज फोन येतात. परवा देवास नाक्यावर एकाने अडवलं. "बाहेरची गाडी आहे, इंदूरचं लायसन दाखवा," म्हणाला आणि रसीद न देता पैसे मागितले. असं लायसन खरंच लागतं का? – देवासचे एक वाचक

पैसे दिले नसतील तर चांगलंच केलंत. यापुढे कुणी अडवलं तर एवढंच विचारा : कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, किंवा कोणत्या तारखेची उपविधी, म्हणजे महापालिकेने स्वतः केलेला नियम? महापालिकेला स्वतःचे असे अधिकार नसतात. विधिमंडळाने दिले तेवढेच तिचे, आणि आपल्याकडे ते १९५६च्या मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियमातून येतात. रीतसर प्रसिद्ध झालेली उपविधी दाखवली तर ती वाचून पुढचं ठरवू. तोंडी "लायसन दाखवा"ला काही किंमत नाही. मात्र इंदुरात यार्ड किंवा ऑफिस थाटलंत, तर त्या जागेच्या परवान्याचे नियम तुम्हाला लागू होतील. तो विषय निराळा.

आता परमिट. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ६६ प्रमाणे मालवाहू गाडीला परमिट लागतं. पण त्याच कलमात अपवाद आहे : बंद पडलेली गाडी ओढून नेण्यासाठी, किंवा तिच्यातला माल सुरक्षित जागी हलवण्यासाठी वापरलेल्या वाहनाला परमिटची अट नाही. या अपवादात गाव, शहर, जिल्हा यांचा उल्लेखच नाही.

टोइंगवाले फसतात ते इथेच. अपवाद *बंद पडलेल्या* गाडीपुरता आहे. शोरूमची नवी कार, लिलावात घेतलेली चालू कार किंवा कुणाची बदलीच्या गावी पोचवायची गाडी फ्लॅटबेडवर चढवली, की तुम्ही साधे मालवाहतूकदार. मग परमिट हवंच. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच चालानांत भांडण याच एका मुद्द्यावर असतं आणि चालकाजवळ पुरावा म्हणून काहीच नसतं. म्हणून प्रत्येक कामाची चिठ्ठी ठेवा : ग्राहकाचा नंबर, गाडी कुठे बंद पडली, काय बिघडलं, कुठे पोचवायची. सोबत उचलण्याआधीचा एक फोटो. परमिट माफ असलं तरी नोंदणी, विमा, पीयूसी आणि चालकाचं योग्य वर्गाचं लायसन यांतलं काहीच माफ नाही.

शहराला नियम करताच येत नाहीत, असं मात्र समजू नका. धंद्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ)ने दिलाय, पण १९(६) वाजवी बंधनांना वाव देतं. अनुच्छेद ३०१ देशभर व्यापार मोकळा ठेवतं. तरी १९६२ साली अजमेरचे बसवाले राजस्थानच्या मोटार कराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात हरले. रहदारी सुरळीत ठेवणारे नियम म्हणजे व्यापाराला अडथळा नव्हे, असं न्यायालय म्हणालं. त्या निकालातला 'भरपाई कर'वाला भाग, म्हणजे रस्त्यांच्या सोयीपोटी घेतलेला कर व्यापाराला अडथळा नव्हे हा, २०१६मध्ये त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी मोडीत काढला. माझं मत स्पष्ट आहे : ब्रेक, हुक, विमा तपासणारा नियम टिकेल. "देवासचा आहेस म्हणून नाही" असं म्हणणारा नियम टिकू नये, आणि तसा लेखी आदेश हाती आला तर अनुच्छेद २२६खाली इंदूर खंडपीठात रिट करण्यासारखं आहे.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत ओहायोत टोइंगचा धंदा करतो. यार्ड एका गावात आणि आजूबाजूचं प्रत्येक शहर वेगळं लायसन मागतं. त्याने कोर्टात जावं का? – स्नेहनगरच्या एक वाचक

काकू, योगायोग असा की तिथला सर्वांत मोठा निकाल ओहायोचाच आहे. मालवाहतुकीचे दर, मार्ग आणि सेवा यांवर राज्यांनी किंवा शहरांनी नियम करू नयेत, असा तिथे केंद्राचा कायदा आहे. टोइंगही त्यात येतं. पण सुरक्षिततेचे नियम करायचा राज्याचा अधिकार राखून ठेवलाय. कोलंबस शहराने टोइंगवाल्यांना लायसन सक्तीचं केलं, तेव्हा एक टोइंग कंपनी आणि ओहायोतली टोइंगवाल्यांची संघटना कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, सूट राज्याला आहे, शहराला नाही. खालच्या कोर्टाने ते मानलं. जून २००२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते फिरवलं. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलं की राज्य हा अधिकार शहरांकडे सोपवू शकतं. मात्र प्रत्येक अट खरोखर सुरक्षिततेसाठीच आहे का, हा प्रश्न मोकळा राहिला.

म्हणून "शहराला अधिकारच नाही" म्हणत भाच्याने कोर्टात जाऊ नये, तो दरवाजा बंद झालाय. प्रत्येक शहराचा फॉर्म घेऊन अटी वेगळ्या काढाव्यात. विमा, तपासणी, चालकाची माहिती एका बाजूला. "शहरातच यार्ड हवं", "इतक्याच टोइंगवाल्यांना लायसन" या दुसऱ्या बाजूला. भांडायचंच तर दुसऱ्या बाजूवर, तेही तिथल्या वकिलाला धरून. पोलिसांनी बोलवायच्या यादीत नाव नाही, ही तक्रार मात्र कच्ची. स्वतःच्या कामासाठी शहर ग्राहकासारखं ठेकेदार निवडू शकतं, असं टेक्सासमधल्या बेडफर्ड शहराच्या १९९९च्या प्रकरणात अपील कोर्टाने मानलंय.

प्रश्न : जेल रोडवरून माझी कार क्रेनने उचलली. क्रेनचा नंबर दुसऱ्या जिल्ह्याचा होता. चालान रद्द होईल का? – सुदामानगरचे एक वाचक

त्या कारणावर नाही. क्रेन कुठल्या गावची हे महत्त्वाचं नाही, हुकूम कुणाचा हे महत्त्वाचं. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेली, किंवा दहा तास वा जास्त बेवारस उभी असलेली गाडी हलवायला त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा. अधिकारी हजर नव्हता आणि ठेकेदाराच्या पोरांनीच गाडी उचलली, असं असेल तर तक्रारीत दम आहे. तिथे 'नो पार्किंग'चा फलक होता का, याचा फोटो आजच काढून ठेवा.

प्रश्न : बायपासवर गाडी बंद पडली. मी उज्जैनच्या ओळखीच्या टोइंगवाल्याला बोलावलं, तर स्थानिक टोइंगवाल्यांनी त्याला हाकलून माझी गाडी स्वतःच्या यार्डात नेली. आता 'पार्किंग'चेही पैसे मागतात. – राऊचे एक वाचक

हा परवान्याचा वाद नाहीच, ही दांडगाई आहे. कोणत्याही संघटनेला रस्त्याची हद्द वाटून घेता येत नाही. वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६खाली गुन्हा आहे : एक महिन्यापर्यंत साधी कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पैशांचं म्हणाल, तर तुम्ही गाडी त्यांच्या स्वाधीन केलीच नव्हती, म्हणून मेहनतान्यापोटी गाडी अडवून ठेवायचा करार कायद्यातला हक्क त्यांना सांगता येणार नाही. पार्किंगचा तर प्रश्नच नाही. मागणी लेखी मागा, मग पोलिसांना घेऊन जा आणि गाडी ताब्यात घेताना तिथेच फोटो काढा. नाइलाजाने पैसे द्यावे लागले तर पावतीवर "हरकतीसह" लिहून सही करा. पुढच्या वेळी महामार्गावर असाल तर आधी महामार्ग मदतीचा १०३३ लावा, आणि कुणी अडवायला आलंच तर आणीबाणीचा ११२.