बुरशी आणि वनस्पतींची सोबत ४० कोटी वर्षांची आहे हे कशावरून? डीएनए असताना सूक्ष्मदर्शक हवाच कशाला?

प्रश्नाचा दुसरा भाग खटकला, म्हणून लिहितेय. ही सोबत डोळ्यांनी पाहिलेली आहे, नुसत्या जनुकांवरून काढलेली नाही.

स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनीजवळ सुमारे ४०.७ कोटी वर्षांपूर्वी गरम झऱ्यांच्या सिलिकाने अख्खी झाडं दगडात कोंडली. त्यातल्या अ‍ॅग्लाओफायटॉनला खरी मुळंच नव्हती. तरी त्याच्या खोडाच्या पातळ छेदात पेशींच्या आत बुरशीची झुडपासारखी फांद्यांची रचना, म्हणजे आर्बस्क्यूल, दिसली. रेमी, टेलर, हास आणि केर्प या संशोधकांनी ते १९९४ मध्ये प्रसिद्ध केलं.

तीच रचना आजच्या कांद्याच्या किंवा मक्याच्या मुळात पाहता येते. कोवळी, बारीक मुळं घ्या. जाड, तपकिरी मुळं सहजासहजी पारदर्शक होत नाहीत. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ती उकळीजवळच्या तापमानाला पारदर्शक होईपर्यंत ठेवा. कोवळ्यांना काही मिनिटं पुरतात, जास्त झालं की लगदा होतो. हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. मग चार-पाच पाण्यांनी धुवा. इथेच बहुतेकांचं बिघडतं: पोटॅशियम हायड्रॉक्साइड आत राहिलं की रंग धरत नाही. नंतर व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी फाउंटन पेनची शाई घालून त्यात ३ मिनिटं उकळा आणि थेंबभर व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात २० मिनिटं ठेवा. प्रत्येक शाई चालत नाही, दोन-तीन करून बघा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बुरशीच्या तंतूंत आडवे पडदे दिसले तर ती बुरशी वेगळी. आपल्याला हव्या त्या तंतूंत ते सहसा नसतात. आर्बस्क्यूल काही दिवसच टिकतं, त्यामुळे एका मुळात नाही दिसलं म्हणून निकाल देऊ नका.

मोहरी-कोबीच्या मुळांत मात्र शोधत बसू नका. त्या कुळाने ही सोबत सोडली आणि तिला लागणारी काही जनुकंही गमावली. उलट लिव्हरवर्ट या मुळं नसलेल्या साध्या वनस्पतीचं डीएमआय३ हे या सोबतीला लागणारं जनुक, ते बिघडलेल्या मेडिकॅगोच्या (लसूणघासाच्या जातभाईच्या) रोपात घातलं की बुरशी पुन्हा पेशीत वसते. जनुकांचा खरा उपयोग इथे होतो, हे मान्य.

आणि हेही: जीवाश्मात रचना दिसते, देवाणघेवाण नाही. अ‍ॅग्लाओफायटॉनला बुरशीकडून फॉस्फरस मिळत होता हा आजच्या झाडांवरून काढलेला अंदाज आहे, भक्कम असला तरी. बुरशी नेमकी कोणती, हेही नुसत्या स्लाइडवरून सांगता येत नाही. त्यासाठी डीएनए लागतोच. म्हणून निम्मी मुळं आधीच बाजूला काढून गोठवा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळलेल्या मुळांतून तो नीट मिळेलच असं नाही.